घोटावड्याची जर्मन सोयरीक

परदेशी कराराची बातमी चार ओळींची असते. बाकी सगळं ‘हे छापू नका हं!’ या सदरात जातं. माझ्याकडचं ते सदर आता ओसंडून चाललंय. त्यातले हे किस्से घोटावड्याच्या एकाच कारखान्याचे.

*

या व्हॉल्व्हच्या कारखान्याने जर्मन कंपनीशी दोन वर्षांचा करार केला. मालक भाऊसाहेब स्टेजवरून गरजले, "परस्पर विश्वास हाच पाया!"

मी विचारलं, "पहिला माल कधी जाणार?"

"होऊन जाईल हो!"

टाळ्या!

*

मग पुण्याहून ट्रेनर आणला. विषय : जर्मन माणूस आणि वेळेचं महत्त्व. त्याच दिवशी पार्टनर युर्गेनसाहेब ठरल्याप्रमाणे नऊला गेटवर हजर! रिसेप्शनिस्टपासून मॅनेजरपर्यंत सगळे वरच्या मजल्यावर वेळेचं महत्त्व शिकत होते. वॉचमनने साहेबांना पाऊण तास बाकावर बसवलं.

"मीटिंग चालू हाय, सायेब. येळ लागंल."

*

तपासणीला गावच्याच मंदाताई. युर्गेनसाहेबांसमोर त्यांनी अख्खी पेटी बाजूला सारली. "ह्यो माल जायचा न्हाई. गळतुया."

भाऊसाहेब कुजबुजले, "अहो ताई, पाहुण्यांसमोर तरी हो म्हणा!"

"पाव्हण्याला शिळं वाढता व्हय?"

दुसऱ्या दिवशी मंदाताईंची बदली स्टोअरला. कारण : निगेटिव्ह अ‍ॅटिट्यूड! खरं बोलण्याला व्यवस्थापनशास्त्रात हाच शब्द आहे म्हणे.

*

त्यानंतर माल जर्मनीहून परत येऊ लागला. प्रत्येक तक्रारीला भाऊसाहेबांचं एकच उत्तर, "नो प्रॉब्लेम, सर!" शेवटी युर्गेनसाहेबांनी कळवलं, पुढचा करार अवघड दिसतो. करार गेला असता तर अख्खी लाइन बंद, दीडशे माणसं घरी. भाऊसाहेबांनी तातडीने उपाय योजला. साहेबांसाठी फेटा मागवला!

*

नव्या कराराच्या सहीच्या दिवशी साहेब फेटा बांधून बसले. करारात पहिली खेप जुलैत होती. त्यांनी विचारलं, "जमेल?"

मालक, मॅनेजर, ट्रेनर एका सुरात : "येस सर!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "पेटी बाजूला सारणाऱ्या त्या बाईंना बोलवा."

मंदाताई हात पुसत आल्या. दुभाषी म्हणून बसवलेल्या इंजिनिअरने त्यांना तारीख सांगितली.

"न्हाई जमायचं. तवा भाताची लावणी असती. निम्मी मान्सं कोळवण खोऱ्यातली, ती समदी चिखलात, मशीनवर हुबं कोन ऱ्हानार? मीबी न्हाई येनार!"

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. इंजिनिअरने चाचरत भाषांतर केलं. साहेबांनी जुलै खोडून ऑगस्ट लिहिलं आणि ताईंकडे पाहिलं.

"शेवटचा आठवडा लिव्हा."

साहेबांनी तेही लिहिलं. सहीला पेन टेकवणार, तोच मंदाताई ओरडल्या,

"आवं थांबा! माल तपासनार कोन, ते कुटं लिवलंय?"