प्रभाकर काकांची शर्त आणि उंदराची उचकी

प्रभाकर काका आज सकाळी गेले.
आणि आमचा उंदीर अजून चालू आहे.

काका आमच्या शेजारचे, कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. अयोध्या नगरच्या आमच्या मंडळाचा हलता देखावा दरवर्षी त्यांचाच.

गेल्या वर्षी उंदीर बाप्पाला चवरी ढाळतोय असं केलं. मोटर काकांची, कोड माझा.

तीन दिवस एकदम मस्त. मग उंदराला उचकी लागली. चवरी झटके खात हलायची.

"मोटर तापते गं. बंद करून चालू कर."

केलं की ठीक! काकांनी तर मोटरसमोर टेबल फॅनच लावला.

"काका, मोटरच घटिया आहे."

"माझी मोटर घटिया? मॅडम, तुमचं कॉलेज घटिया!"

दोघंही चुकलो होतो यार.

यंदा कारण सापडलं. चवरी गणितातल्या साइनच्या लाटेच्या हिशोबाने झुलते, आणि माझ्या कोडमध्ये कोन नुसता वाढतच जायचा. कम्प्युटर आकड्याचे मोजकेच अंक ठेवतो. कोन लाखांत गेला की पॉइंटनंतरचे बारीक अंक गळतात. मग कोन सरकत नाही, उड्या मारतो. बंद-चालू केलं की पुन्हा शून्यापासून, म्हणून ठीक वाटायचं!

एक लाइन टाकली. चक्कर पूर्ण झाली की कोन परत शून्यावर.

काका ऐकून म्हणाले, "बातें मत बना. विसर्जनापर्यंत एकदाही बंद न करता चालव, मग मानतो."

"लावा शर्त!"

"लागली. जिंकलीस तर पुढच्या वर्षीच्या देखाव्यातला हत्ती तुझा."

दुपारी मंडळाचे शुक्लाजी आले. "बेटा, गमी है. सब बंद करना पड़ेगा."

बरोबरच होतं, समोरच्याच घरात सुतक. स्पीकर बंद, लाइटिंग बंद. उंदराच्या स्विचवर माझा हात. शर्तीचं काय सांगणार होते? आज?

मांडव काकांच्या गेटसमोरच आहे. काकू पायरीवर बसल्या होत्या, बायकांच्या घोळक्यात. तिथूनच म्हणाल्या,

"ए, उंदीर राहू दे. त्यांची शर्त लागलीय."

शुक्लाजी बाकीच्या वायरी गुंडाळायला लागले.

आरती झाली. हळू आवाजात, टाळ्या न वाजवता.

आता मांडवात फक्त चवरी हलतेय. मी घरी येते, बसवत नाही, परत जाऊन बघते. अजून उचकी नाही. विसर्जन अजून लांब आहे आणि मला आत्ताच धावत जाऊन कुणाला तरी सांगायचंय.

हत्ती करेन काका. मोटर तुमचीच लावेन.

ती घटिया नव्हती.

नमस्कार करते. नीट या आता.