वाफसा येईपर्यंत

मी लातुरात शिकवणीच्या गल्लीत भौतिकशास्त्र शिकवतो. हदगाव, मुखेड, बिलोलीकडची पोरं समोर बसलेली असतात आणि घर्षणाचा धडा आला की मला चेव येतो. त्यामुळे जुनी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा कोणती घ्यावी हे कुणाला विचारायची गरजच काय, असं मला वाटलं. शिक्षकाला हा रोग असतोच.

गाडी आईसाठी हवी होती. भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. त्या रात्री आई आणि मी शेतातल्या खोपीत होतो म्हणून वाचलो. वडील गावातल्या घरी होते, ते गेले. तेव्हापासून आईचे दोन हट्ट. डोक्यावर स्लॅब चालणार नाही, आणि शेतात चक्कर चुकणार नाही. पुनर्वसनाच्या गावात घर मिळालं, पण ती झोपायची पुढच्या पत्र्याखाली. शेत राहिलं जुन्या गावाजवळ, मध्ये तीन किलोमीटर काळ्या मातीची वाट. आता गुडघे गेले होते, तरी ती काठी टेकत निघायची. एकदा बांधावर पडली आणि तासभर तशीच बसून राहिली. मला हे चार दिवसांनी शेजाऱ्यांकडून कळलं. मी तिच्यावर खूप ओरडलो. घाबरलो की मी ओरडतो.

"लातूरला चल," हे मी दर खेपेला म्हणायचो. माझा फ्लॅट तळमजल्यावर, गुडघ्यांना सोयीचा. आईच्या हिशेबाने मात्र तिच्या डोक्यावर तीन स्लॅब. ज्या शहरानं भूकंपानंतर महिनोन्‌महिने बाहेर झोपून काढले, त्याच शहरात आता पोरांच्या खोल्यांसाठी मजल्यावर मजले चढत होते. याचं तिला नवल वाटायचं, आणि रागही यायचा.

नांदेडला ओळखीचे एक मिस्त्री होते. तीस वर्षं डिझेल इंजिनात हात घातलेला माणूस. त्यांच्याकडे एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या दोन टर्बो गाड्या विकायला होत्या. एकीत इंजिनाचा जोर पुढच्या दोन चाकांना, दुसरीत चारही चाकांना. मी चारही चाकांना जोर असलेल्या गाडीभोवती घिरट्या घालायला लागलो.

"काय बघून राहिले सर?" मिस्त्री म्हणाले. "लातुरात हिचं काय काम? डिझेल जास्त पिते, खाली सामान डबल, बिघडली तर खर्च बी डबल."

"आईला पावसाळ्यात शेतात न्यायचंय."

"मग आईला विचारलं का?"

मी नुसता हसलो. आईला गाडीतलं काय कळतं, असं मनात म्हटलं. मिस्त्रींनी भल्या मनानं चार दिवस गाडी वापरायला दिली आणि एकच ताकीद दिली. "टर्बो म्हातारं झालंय. पोचल्या पोचल्या इंजिन बंद करू नका. मिनिटभर चालू ठेवा, त्याला दम खाऊ द्या."

अहमदपूरमार्गे मी थेट गावी गेलो. श्रावण चालू होता, सकाळीच सर येऊन गेली होती. आईला पुढं बसवलं आणि म्हणालो, "आता बघ, भर पावसात तुला शेतात नेतो."

"आत्ता? चिखलात?"

"चारही चाकं ओढतात हिची."

मी वाटेवर गाडी घातली. पहिला फर्लांग झकास गेली. मग काळी माती टायरांना धरू लागली, मडगार्डात ठासून भरली आणि चाकं गरगरत जागच्या जागी खाली बसू लागली. दोन चाकांची गाडी दोन खड्डे करते, मी शिस्तीत चार केले. घर्षण शिकवणारे सर दारापर्यंत रुतले.

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. तिला असं हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

"आरं लेकरा, चार काय, धा चाकं लाव. वाफसा आल्याबिगर बैल बी घालत न्हाईत ह्या वाटंला."

वाफसा म्हणजे पाऊस उघडल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, पायाला चिकटत नाही, अशी वेळ. ती यायला दोन-चार दिवस जावे लागतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी ते विसरून गाडीशास्त्र वाचत बसलो होतो.

"आन्‌ वाफसा आला की?" मी विचारलं.

"मग कोणती बी गाडी जाती."

शेजाऱ्यांनी कुरकुरत, नाइलाजानं बैल जुंपून गाडी काढली. तोवर आई बांधावर बसून होती. अचानक म्हणाली, "साधी घे. वाफसा असला की मला शेतात आणत जा. पाऊस लागला की..." ती थांबली. "तंवर राहीन तुझ्याकडं. वाफसा येईस्तोवर. पर खाट दारापाशी टाकायची."

मी मान वळवली. मला रडू आलं होतं, ते तिला दिसायला नको होतं.

पुढच्या दोन चाकांना जोर असलेली साधी गाडी घेतली. मिस्त्रींनी कारण विचारलं नाही, फक्त हसले. पुढच्या झडीला आईला आणलं. इमारतीसमोर टर्बोसाठी मिनिटभर इंजिन चालू ठेवलं. तेवढ्या वेळात ती वर बघत होती, एकेक मजला. इंजिन बंद झालं तशी म्हणाली, "चल."

पाऊस उघडला. मग चार दिवस कडक ऊन पडलं. गावाकडून फोन आला, रानात बैल घालून तणाची कोळपणी सुरू झाली. मी किल्ली घेऊन आईपुढं उभा राहिलो. "निघायचं ना?"

दारापाशी टाकलेल्या खाटेवर बसून ती शेंगा सोलत होती. तिनं बाहेरच्या लख्ख उन्हाकडं पाहिलं.

"थांब की दोन रोज," ती म्हणाली. "अजून वाफसा न्हाई."