काकूंच्या डब्याचं पथ्य

आमच्या शेजारच्या काकूंइतकी दुसऱ्याच्या पोटाची काळजी करणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत सापडायची नाही, आणि त्यात मी खताच्या डब्याचंही पोट धरते. डबा मीच त्यांना दिला. कचरा जाळू नका, खाडीत लोटू नका, घरीच खत करा, असं पत्रकं वाटत दारोदार ओरडणारी मी. गल्लीत ऐकलं फक्त काकूंनी. पण ऐकलं ते डब्याला दत्तक घेतल्यासारखं! चहाचा चोथा धुऊन, कारण "साखर बरी नव्हे त्याला." संकष्टीला कांद्याची सालं नाहीत, नुसती बटाट्याची. फणसाची सालं विळीवर बारीक चिरून, नाहीतर जड जातील. निर्माल्य आधी कपाळाला लावून. पावसात सुकी पानं मिळणार नाहीत म्हणून मे महिन्यातच आंब्याचा पाचोळा पोत्यांत भरलेला, रोज त्यातलं मूठभर वर पसरायचं आणि म्हणायचं, "निज आता."

तरी वास सुटला. आधी जिन्यात, मग खालच्या बिऱ्हाडात. बिल्डिंगच्या अध्यक्षांनी बजावलं, "रविवारी मी स्वतः येणार. वास आला तर डबा कचरागाडीत!" ते स्वतः प्लास्टिक जाळतात, त्याचा वास त्यांना येत नाही! माझी झोपच उडाली. हा एकुलता डबा गेला की गल्ली म्हणणार, बघा, हिच्या पत्रकातलं काही चालत नाही. शनिवारी डबा काठीने ढवळला. खाली बांगड्याची डोकी, कालवण, भात!

"काकू! ठळक छापलंय ना? शिजवलेलं नको, मासळी नको, तेल नको! घुशी येतील!"

"अगो, किंचाळतेस काय? सारा आठवडा सालं चघळतो तो. एक दिवस तरी चवीचं नको?"

"पण एवढं उरतंच कसं?"

काकू पदराने झाकण पुसत राहिल्या. "झील, लेक माझा, मुंबईस गेला, पण माझा हात अजून दोघांचाच गो. तांदूळ घेताना दुसरी मूठ आपसूक पडते. गटारात कसं लोटू?"

यावर पत्रकात काहीच छापलेलं नव्हतं.

ते सगळं आम्ही मागच्या माडाच्या मुळाशी खोल पुरलं आणि डब्यात कोरडा पाचोळा दाबून भरला. रविवारी अध्यक्ष आले, वाकून हुंगलं, "हं" म्हणाले आणि खाली गेले. डबा वाचला. त्या दुपारपासून दुसरी मूठ माझी. दर रविवारी काकू मला वाढतात आणि डब्याकडे बघून पुटपुटतात, "तुला दुधीची सालं हां, रुसू नकोस."

काल त्यांना सांगितलं, पुढच्या रविवारी पत्रकं घेऊन लांज्याला जायचंय. काकूंचा हात तांदळाच्या डब्यात तसाच थांबला.

"डब्याला घालू नका हं," मी घाईने म्हटलं.

"नाही गो. झाकून ठेवते. पण येशील ना?"

तेव्हापासून मी परतीच्या एसटीची वेळ सारखी विचारतेय. प्रत्येकजण वेगळीच सांगतो.