सही बदलावी लागली नसती

ही गोष्ट मी सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलेली नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? — तुम्ही मला माहेरच्या आडनावाने ओळखत नाही, म्हणून असेल.

ते आडनाव चिखलबोडे. हसलात ना? हसा, सवय आहे मला. आमच्या भंडारा जिल्ह्यातही ते क्वचितच सापडतं. चिखलबोडी नावाचं गाव सोडून जे जे बाहेर पडले त्यांनी ते लावलं — जात कोणतीही असो, कुळ कोणतंही असो. बाबांनीच लहानपणी सांगितलं होतं. म्हणजे आडनाव एक असलं तरी आम्ही सगळे भाऊबंद नव्हतो. हे मला पक्कं ठाऊक होतं, एवढं ध्यानात असू द्या.

कॉलेजात हजेरीला ‘चिखलबोडे’ म्हटलं की दोघं उभे राहायचो, मी आणि प्रशांत. त्यातच मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीतल्या जत्रेच्या, एका नाटकात विनोदी जोडपं आलं — श्री. आणि सौ. चिखलबोडे. ती बाई नवऱ्याला लाटणं घेऊन स्टेजभर पळवायची. झालं, वर्गाने आमची तीच नावं पाडली. मी चिडायची, तो खुशाल हसायचा. एकदा वरठीच्या स्टेशनबाहेर सायकल हातात धरून म्हणाला, "पाय बरं, लग्न झालं तरी तुले सही बदलवा लागणार नाही."

घरी येऊन जुन्या पेपरच्या कोपऱ्यावर सही करून पाहिली. तीच, रोजचीच — तरी किती वेळ पाहत बसले होते.

त्याचं घर बौद्ध, आमचं देव्हाऱ्याचं. माझी हिंमत — ती होती तरी का कधी? पुढच्या दिवाळीत, भाऊबीजेला आमच्या गावची मंडई भरली आणि तो सरळ घरी आला, बाबांशी बोलायला. बाबा म्हणाले, "बसा. तुमी कोणते चिखलबोडे, बाबू?"

हा प्रश्न कशासाठी विचारतात, ते तुम्हाला कळतं. तो उत्तर देणार होता. आणि मी —

मी म्हणाले, "बाबा, हा माहा भाऊ लागते. एकाच आडनावाचे आहो आम्ही. ओवाळाले बोलावलं मीच त्याले."

पाटही मीच मांडला. टिळा लावताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. ज्या सणाशी त्याच्या घरचं देणंघेणं नव्हतं, त्या सणाला निमूट बसला. उठून गेला असता तर माझं बिंग फुटलं असतं ना. बाबांना सगळं कळलं होतं. त्यांनी सुपारी कातरली आणि यंदा धान कसं आहे ते विचारलं.

आता मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहते, सही दुसरीच करते. नवरा भला आहे, लेकरं गुणी आहेत. तरी मंडईचे दिवस आले की घरात मन लागत नाही. नाटकाची गाडी भोंगा लावून फिरते, तेव्हा कान तिकडेच — कोणी ते आडनाव घेईल का? मला त्याची फार आठवण येते. हेही कुणाला सांगितलेलं नाही.

दर भाऊबीजेला त्याचा मेसेज येतो. नवराच हाक मारतो, "तुह्या भावाचा मेसेज आला वो." मी लावलेलं नातं तो अजून पाळतो. एकच ओळ असते — ताई, सुखी राहा. आणि खाली, सही करावी तसं, नुसतं आडनाव.