करवंदमाळचा सत्कार

विनोद भोये सरांना मी कधी खुर्चीत नीट टेकलेले पाहिले नाही. पाच शाळांच्या मुख्याध्यापकांची पहिली बैठक आमच्या जव्हारच्या शाळेत झाली, तेव्हा ते दाराजवळची खुर्ची धरून होते, पण अर्धा वेळ खिडकीशी. एकदा पाणी प्यायला उठले. मग फोन आला म्हणून व्हरांड्यात गेले. फोन टेबलावरच राहिला होता.

मी या शाळेचा मुख्य लिपिक. शिक्षण बी.कॉम., पुढच्या जूनमध्ये निवृत्त. शाळेत लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात, तसे मलाही म्हणतात. कुणाचा तास कुठे आणि कोणती जीप कोणाला सोयीची, हे जुळवायचे काम बैठकीने माझ्याकडे दिले होते.

कल्पना साधी होती. दहावीच्या निकालाच्या यादीत आमच्या पाचही शाळा खालूनच शोधाव्या लागत. कुठे इंग्रजीचा शिक्षक नाही, कुठे विज्ञानाचा. जागा भरल्या जाण्याची वाट पाहण्यात मुलांच्या तुकड्यांमागून तुकड्या निघून जात होत्या. म्हणून ठरले, की ज्या शाळेकडे ज्या विषयाचा चांगला शिक्षक असेल, त्याने आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या शाळेत जाऊन दहावीला शिकवायचे. त्या वर्गाच्या नेहमीच्या शिक्षकाने मागच्या बाकावर बसून ते पाहायचे, म्हणजे उरलेले दिवस त्यालाही तसे शिकवता येईल.

"मागच्या बाकावर म्हणजे मुलांबरोबर?" भोये सरांनी विचारले.

"हो."

"मुलांच्या देखत?"

"मुलांच्या मागे, सर. मुलांना पाठीला डोळे नसतात," खोडाळ्याचे मुख्याध्यापक म्हणाले. सगळे हसले. भोये सरही हसले, सर्वांत उशिरा आणि सर्वांत मोठ्याने.

बैठक संपल्यावर त्यांनी मला जिन्याखाली गाठले.

"भाऊसाहेब, आमच्याकडे गणिताचं नका पाठवू. इंग्रजीचं पाठवा."

"तुमचं इंग्रजी बरं आहे, सर. गणितच वाईट आहे."

"म्हणून तर सांगतोय."

करवंदमाळ ही मोखाड्याच्या डोंगरातली, आठवी ते दहावीची लहान शाळा. भोये सर तिथे इतिहासाचे शिक्षक म्हणून लागले. पुढे गणिताचे शिक्षक बदलून गेले, दुसरे कुणी आले नाही, आणि तास मोकळा कसा ठेवायचा म्हणून सर स्वतः उभे राहिले. त्यानंतर मुख्याध्यापकाचा कार्यभारही त्यांच्याच गळ्यात पडला. गणित त्यांचे स्वतःचे दहावीलाच सुटले होते. गाईडमधली उदाहरणे रात्री उतरवून काढायची, सकाळी फळ्यावर तशीच लिहायची आणि अवघड प्रकरण आले की "हे पर्यायी प्रश्नात जातं, सोडा" म्हणायचे, असे त्यांचे चालले होते.

"पोरं मला गणिताचे सर म्हणून ओळखतात," ते म्हणाले. "त्यांचे आईबापही. बाजारात भेटले तर म्हणतात, आमच्या पोराला हिशेब तुम्हीच शिकवला. उद्या तुमच्या मॅडम येतील, दहा मिनिटं शिकवतील, आणि पोरं मागे वळून माझ्याकडे बघतील. तेवढं एकदा बघितलं की झालं."

"काय झालं?"

"मग मी कशाचा सर?"

वेळापत्रक मात्र मी बदलले नाही. गुरुवार, करवंदमाळ, गणित, सुनिता वारघडे.

वारघडे मॅडम आमच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका. माहेर पोशेऱ्याचे, घरी भात-नागलीची शेती. बोलणे झटपट, आणि मनात आले की तोंडावर. पहिल्या गुरुवारी त्या परत आल्या तेव्हा हातात गुलाबाचे फूल आणि एक नारळ होता.

"झाला तास?" मी विचारले.

"तास नाही झाला. सत्कार झाला."

मला ते फार वावगे वाटले नाही. पाहुणा पहिल्यांदा आला तर शाल-श्रीफळ आपल्याकडे होतेच. दुसऱ्या गुरुवारी त्यांच्या हस्ते वृक्षारोपण झाले. आंब्याचे रोप लावले, खड्डा उकरण्यापासून सुरुवात होती. तिसऱ्या गुरुवारी त्यांच्या हस्ते क्रीडास्पर्धांचे बक्षीसवाटप झाले.

"स्पर्धा कधी झाल्या?"

"त्याच दिवशी सकाळी. घाईघाईने घेतलेल्या दिसल्या," मॅडम म्हणाल्या. "आधी स्वागतगीत, मग प्रास्ताविक, मग माझा परिचय. माझा परिचय सर इतका लांबवतात, की माझ्या आईला ऐकवावा. मग चहा, मग जेवायला गावठी कोंबडी आणि नागलीची भाकर. मग सर स्वतःच म्हणतात, मॅडम, तुमची जीप चुकेल. तीन गुरुवार गेले, भाऊसाहेब, अजून खडू हातात घेतला नाही. आणि शाल दर वेळी तीच. मी परत देते, ते कपाटात ठेवतात, पुढच्या गुरुवारी पुन्हा माझ्याच खांद्यावर!"

त्या हसत होत्या, मला मात्र हसू येईना. जिन्याखालचे बोलणे मला माहीत होते, त्यांना नव्हते. माणूस इतके जेवण घालतो, इतके गुणगान करतो, आणि ते सगळे एका खडूला लांब ठेवण्यासाठी. दिवाळी होऊन गेली होती. मार्च काही थांबणार नव्हता. आमच्या मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितले, की असेच चालणार असेल तर मॅडमचा गुरुवार दुसऱ्या शाळेला द्या. करवंदमाळची मुले मग गणिताशिवायच परीक्षेला बसली असती. चौथ्या गुरुवारी मीच मॅडमबरोबर निघालो.

जीप घाट चढत होती तसतसे मला काही सुचेना. मॅडमना सांगावे की नाही? सांगितले तर सरांचा विश्वासघात, न सांगितले तर पुन्हा कोंबडी. शेवटी करवंदमाळच्या फाट्यावर उतरल्यावर मी एवढेच म्हणालो, "मॅडम, सर तुम्हाला घाबरतात."

"मला? मी काय वाघीण आहे?"

"तुम्हाला नाही. मागच्या बाकाला."

त्या चालता चालता थांबल्या. फाट्यापासून शाळेपर्यंत चढ आहे, तो त्या माझ्या पुढे झपझप चढल्या.

फाटकाशी मुली ताट घेऊन उभ्या होत्या. ओवाळणे झाले. व्हरांड्यात टेबलावर निळा कपडा, त्यावर दोन नारळ. दुसरा नारळ माझा, हे माझ्या लक्षात आले. भोये सर पांढऱ्या शर्टात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. माईक तपासत, सतरंजीची घडी सरळ करत, मध्येच रस्त्याकडे पाहत. जणू आणखी कुणी पाहुणा यायचा होता आणि तो आला तर फार बरे झाले असते.

"आज आपल्या भाग्याने जव्हारचे भाऊसाहेबही आपल्यात उपस्थित आहेत," सरांनी माईक हातात घेतला. "त्यांच्या सेवेचा प्रदीर्घ प्रवास मी थोडक्यात..."

"सर," मॅडम उठल्या. "एक मिनिट. माईक नको, तसंच बोलते."

सरांचा हात खाली आला.

"आमच्या पोशेऱ्याला भाताच्या आवणीच्या दिवसांत सावड असते. तुमच्याकडेही असेल."

"असते की," मागून एक मुलगा म्हणाला. "आज आमच्यात, उद्या त्यांच्यात. पैसं नाही घेत कोणी."

"तुझं नाव?"

"तुषार."

"तर तुषार, सावडीला आलेल्या माणसाला तुमच्या घरी बांधावर बसवून शाल घालतात का?"

मुले खिदळली. "नाही, मॅडम! चिखलात उतरवतात."

"आणि शेताचा मालक कुठे असतो? बांधावर भाषण करत?"

"तोबी चिखलात!"

मॅडम सरांकडे वळल्या. आवाज खाली आला, तरी मला ऐकू येत होता. "सर, मी चार गुरुवार सावडीला येतेय आणि माझे पाय अजून कोरडे आहेत. मला उतरू द्या. तुम्हीही उतरा, माझ्या शेजारी. मालकाला कुणी हसत नाही."

सरांनी हातावरच्या शालीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी नजर वळवायला हवी होती, पण वळवली नाही. त्यांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवले, आणि मुलांना म्हणाले, "वर्गात चला."

दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर मी भिंतीकडेला बसलो, सर माझ्या शेजारी. त्यांचा गुडघा सारखा हलत होता, त्यामुळे बाकही हलत होता. मॅडमनी वर्गसमीकरणे घेतली, म्हणजे नेमके ते प्रकरण, जे सर दरवर्षी पर्यायी म्हणून सोडायला सांगत.

त्या भराभर बोलत, पण एकदा सांगितलेले दुसऱ्या रस्त्याने पुन्हा सांगत. दोन संख्या शोधायच्या. गुणाकार हवा तेवढा, बेरीज हवी तेवढी. सोपी दोन उदाहरणे झाली. मुले पुढे सरकून बसली. मला वाणिज्य शाखेच्या माणसालाही ते कळत होते. मग त्यांनी थोडे अवघड लिहिले आणि म्हणाल्या, "गुणाकार वजा सहा, बेरीज वजा पाच. कोण येतंय फळ्यावर?"

कुणी हात वर केला नाही. आणि मग तेच झाले, ज्याला सर जिन्याखाली घाबरले होते. सगळा वर्ग मागे वळला.

"सर येतील!" तुषार म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. खरेच त्याला वाटत होते, की सरांना येते.

मॅडम घाईने म्हणाल्या, "सर नकोत, तुमच्यातलं कुणीतरी..." पण सर उठले होते. का उठले, हे त्यांनाही सांगता आले नसते. बसून राहणे त्यांना कधी जमलेच नव्हते.

त्यांनी फळ्यावर लिहिले, वजा दोन आणि वजा तीन. बेरीज वजा पाच. खाली रेघ मारली, गाईडमध्ये असते तशी.

पहिल्या बाकावरची एक मुलगी, रोशनी, ओठ हलवत काहीतरी मोजत होती. ती मॅडमकडे बघू लागली, मग सरांकडे. मग उभी राहिली.

"सर, बेरीज आली. पण गुणाकार अधिक सहा येतो. वजा नाही येत."

सर फळ्याकडे पाहत राहिले. शर्टाची पाठ घामाने चिकटलेली मला मागून दिसत होती.

"का?" त्यांनी विचारले. तो शिक्षकाचा प्रश्न नव्हता.

"वजाला वजाने गुणलं तर अधिक होतं, सर. मॅडमनी आताच सांगितलं."

"मग काय घ्यायचं?"

"वजा सहा आणि अधिक एक."

सरांनी पुसून तसे लिहिले. खालून वर, वरून खाली मनात गुणून पाहिले. जमले. ते वळले, आणि तेवढ्यात तुषार बोलून गेला, "सर, पण मागच्या साली आमच्या धनेशदादाच्या वर्गाला तुम्ही वजा दोन, वजा तीनच शिकवलं होतं. मी त्याची वही बघितली ना."

कुणीतरी हसले. कुणीतरी "गप रे" म्हणाले. मॅडम पुढे झाल्या, पण सरांनी हात वर करून त्यांना थांबवले.

"धनेश गणितात राहिला," ते म्हणाले. "त्याच्याच वर्गातला लहान्यापण राहिला. वर्षापण." खडू त्यांच्या बोटांत फिरत होता. "मॅडम, पुन्हा सांगा. पहिल्यापासून. मला नाही येत हे."

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. ते सरळ मागे आले, माझ्या शेजारी बसले आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, कागद आहे का?" गुडघा आता हलत नव्हता. मॅडमनी पहिल्यापासून सांगितले.

परत येताना ते आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. मला वाटले होते, मोकळे झाले असतील. तसे काही नव्हते. जास्तच अस्वस्थ दिसत होते. जीप दिसली तरी बोलणे संपेना.

"नापास झालेली पोरं पुन्हा बसू शकतात ना, भाऊसाहेब? परीक्षेला?"

"बसू शकतात. फॉर्मचं मी बघतो."

"आणि गुरुवारी वर्गात?"

"ते मॅडमना विचारा."

"बाक आणा म्हणजे झालं," मॅडम जीपमध्ये चढत म्हणाल्या.

रविवारी मला भोये सरांचा फोन आला. मागे बाजाराचा गलका होता. ते खोडाळ्याला धनेशला शोधत होते. तो एका गॅरेजमध्ये टायर बदलतो असे कळले होते. मंगळवारी पुन्हा फोन. लहान्या आईबापाबरोबर वसईकडे वीटभट्टीवर गेला होता, मुकादम सोडायला तयार नव्हता. बुधवारी फोन, वर्षाचे लग्न ठरले आहे, पण सासरच्यांशी बोलणार. मी म्हटले, "सर, जरा दम धरा. सगळे एकदम येणार नाहीत."

"मी सगळ्यांना एकदमच चुकीचं शिकवलंय, भाऊसाहेब."

पाचव्या गुरुवारीही मी मॅडमबरोबर गेलो. माझे तिथे काही काम नव्हते. फाटकाशी ताट नव्हते, व्हरांड्यात टेबल नव्हते. टेबल दहावीच्या वर्गात शेवटच्या ओळीत बाक म्हणून लावले होते, निळा कपडा काढून. मुले बसली होती. सर मात्र नव्हते.

"सर कुठे?" मॅडमनी विचारले.

"गाडी घेऊन गेलेत पहाटेच," रोशनी म्हणाली. "म्हणाले, मॅडमना सांग, सुरू करा."

मॅडमनी सुरू केले. तास अर्धा झाला असेल तेव्हा खाली मोटारसायकल वाजली. चढावर पावले धावत आली. दारात भोये सर उभे राहिले, धापा टाकत, केसांवर लाल धूळ. त्यांच्या मागे एक उंच मुलगा, हात ग्रीसने काळे, आत पाहायला लाजत. धनेश असावा. तिसरे कुणी नव्हते.

"आत येऊ का, मॅडम?" सरांनी विचारले.

मॅडमनी फळ्यावरची ओळ पूर्ण केली.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या. "बसा दोघं. आणि आधी वही काढा."