कोपऱ्यातलं पाणी

बालाघाटच्या बसस्टँडवर चहा घेताना मामांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. आमच्या फुटबॉल क्लबचा फायनलमधला गोल. "काय मापात पास देल्ला पाय! तू तं तिथंच असशीन न?"

"हौ मामा," एवढंच म्हटलं.

मी त्या मैदानावर गवताला पाणी देतो. घरापासून दोन दिवसांच्या रेल्वेवर, समुद्राकाठी. आठवीत शाळा सुटली, तरी या लोकांनी कामावर ठेवलं. म्हणून जीव कायम मुठीत.

फायनलच्या सकाळी गवतावर धुकं होतं, सगळं आमच्या किरनापूरकडच्या धानाच्या बांधीसारखं दिसत होतं. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी एका कोपऱ्यातून सोडलं की आपोआप पसरतं. मी तसाच पाईप कोपऱ्यात टाकला आणि धुक्याकडं पाहत बसलो. पण मैदान मधोमध उंच असतं. पाणी पसरलंच नाही, तिथंच मुरलं. वरून हिरवंगार, पाय ठेवला की पचपच.

आता नोकरी गेली, म्हटलं.

तेवढ्यात आमचा डावीकडून धावणारा खेळाडू अनवाणी फिरत आला. थांबला, पायानं दाबलं. "यहाँ पानी है क्या, भैया?"

"गलती हो गई. साहब को मत बोलना."

तो हसला. "तू भी किसी को मत बोलना."

संध्याकाळी, सामना संपत आला असताना, लांबचा पास त्या कोपऱ्याकडं गेला. फारच लांब. बॉल बाहेरच जाणार म्हणून त्यांचा बचाववाला थांबला. आमचा तो सकाळचा थांबला नाही. बॉल ओल्या गवतात शिरला आणि रेषेच्या हातभर अलीकडं, झोप लागल्यासारखा, थांबला. तिथून त्यानं तो उचलून दिला, आमच्याच दुसऱ्याचं डोकं लागलं, गोल. सारं स्टेडियम उठलं. मी मात्र खालीच बसलो.

दुसऱ्या दिवशी राहवलं नाही. बॅग भरूनच मॅनेजरसाहेबांकडं गेलो, सगळं सांगितलं. ते बॅगेकडं पाहून हसायला लागले.

"जीत गए, इसलिए हँस रहा हूँ. बॅग रख के आ. और आगे से पाइप हाथ में पकड़ के खड़ा रहना."

तेव्हापासून धरूनच उभा राहतो.

मामांचा चहा संपवून गावी आलो. बाबांनी नहराचं पाणी बांधीत सोडायला सांगितलं. सोडलं, बांधीच्या काठच्या धुऱ्यावर बसलो. पाणी आपल्या मनानं पसरत होतं, त्यात आभाळ उतरत होतं. तरी मी घडीघडी उठून तो कोपरा पायानं दाबून पाहत होतो.