भाकर मोडणारा हात

एसटीतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालो तेव्हा उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं होतं, जॅकखाली सापडून. नखांच्या कडांत ग्रीस बसलं होतं. रॉकेल झालं, साबण झाला, ते काही निघालं नाही. तो हात पुढे प्रसिद्ध होईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला डेपोबाहेर काढलं असतं.

आमची सून लोणारच्या घरातून जेवणाचे व्हिडिओ करायची. रांधायची माझी बायको, मोबाईल धरायची सून. एकदा तिला भाकर मोडणारं माणूस हवं होतं. बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मले कामं हायेत. यायले बसव."

"बाबा, तोंड नाही दिसणार," सून म्हणाली. "फक्त हात."

भाकर मोडायची, पण हळू. वांग्याच्या भरतात बुडवायची, पण खायची नाही. भाकरीजवळ एवढासा माईक लावला होता, मोडतानाचा आवाज यायला पाहिजे म्हणून. गरम भाकर आवाज करेना, तर सकाळची वाळलेली आणली. भरीत तोवर थंड झालं होतं. त्यातून वाफ निघावी म्हणून वाटीमागे उदबत्ती लावली.

"भरताले मोगऱ्याचा वास येऊन राह्यला," मी म्हणालो.

"वास मोबाईलमधून जात नाही बाबा. पुन्हा मोडा."

आठव्या वेळी तिच्या मनासारखं झालं. चार दिवसांत तो व्हिडिओ कुठच्या कुठे गेला. लोकांनी खाली लिहिलं, 'खरा शेतकऱ्याचा हात!' 'नखांतली माती पाहून डोळ्यांत पाणी आलं.' आमच्याकडे कुंडीभरसुद्धा शेती नाही. मी सुनेला म्हटलं, खरं काय ते सांगून टाक. तिनं लिहिलं, 'ती माती नाही, बसच्या इंजिनाचं ग्रीस आहे.' त्यावर उत्तर आलं, 'किती नम्रपणा!'

मग माझ्या हातावर बंधनं आली. लिंबू पिळायचं नाही, भांडी घासायची नाहीत. तरी महिन्याभरात नखं वाढून उजळायला लागली. सून काळजीत पडली. "बाबा, शेजारच्या काकांच्या गाडीची चेन पाहून द्या ना जरा." गाडी चांगली चालत होती. तरी मी ती खोलली आणि हात काळे करून जेवायला बसलो. म्हणजे जेवायला नाही, मोडायला.

एक दिवस मेहकर रोडवर नवीन हॉटेल काढणारा माणूस घरी आला. बोलताना त्याची नजर माझ्या हातावरून हटेना. "काका, उद्घाटन तुमच्याच हातानं कराचं हाय."

बोलण्याची रीत आहे असं मला वाटलं. बायको आणि सुनेबरोबर तिथं जाऊन पाहतो तर बॅनरवर दाराएवढा माझा पंजा. खाली लिहिलं होतं, 'प्रमुख पाहुणे'. रिबीन कापायच्या वेळी हॉटेलवाला म्हणाला, "काका, थोडं मांगं सरका. अजून. हात तिथंच ठेवा." सरकत सरकत मी दारावरच्या पडद्याआड गेलो, हात तेवढा बाहेर राहिला. रिबीन चाचपडत कापली. टाळ्या ऐकू आल्या. कोणीतरी हाताला हार घातला. एका बाईनं आपल्या लेकराचं डोकं आणून हाताखाली ठेवलं. मीही आशीर्वाद दिला, काय करणार?

बाहेर पंगत बसली. वाढण्याचा आवाज येत होता. पडद्यामागं मात्र कोणी ताट आणलं नाही. हात भुकेला असेल असं कोणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

तेवढ्यात हॉटेलचा स्वयंपाक पाहायला गेलेली माझी बायको भटारखान्यातून आली. तिनं पडदा सर्रकन ओढला. "काऊन उभे राह्यले तुमी इथं, जेवले नाही काय?" मग लोकांकडे वळली. "आन तुमी काय पाहून राह्यले? ह्या हातानं आजवर एक भाकर थापली नाही! अन् तुमच्या ठेच्यातले शेंगदाणे कच्चे हायेत!"

हॉटेलवाल्याचा चेहरा पडला. बायको तशीच चुलीपाशी गेली, पदर खोचला आणि भाकरी थापायला बसली. माझ्यापुढं ताट ओढून पहिली गरम भाकर तिनं त्यात टाकली. मी ती भराभर खाल्ली. आवाज अजिबात आला नाही.

कोणीतरी हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. तो व्हिडिओ माझ्या हाताच्याही पुढे गेला. लोकांना माझ्या बायकोचं रागावणं फार आवडलं. सुनेनं तिला व्हिडिओत बोलायची गळ घातली, तेव्हा तिनं अट टाकली, "उदबत्ती देवापुढंच लागन. आन मोडलेली भाकर खायची." आता ती बोलते, सून शूटिंग करते आणि आम्ही गरम गरम जेवतो.

माझा हात दिसेनासा झाल्यावर तो कुठे गेला असं लोक विचारू लागले. मग कोणीतरी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांगच लागली. मी ओट्यावर चहा पीत त्या सगळ्या श्रद्धांजल्या वाचल्या. काही फार छान लिहिल्या होत्या.

"बाबा, खुलासा करू काय?" सुनेनं विचारलं.

आतून बायको ओरडली, "राहू दे वं! आता तरी हे निवांत जेवतीन."